सागवानाचं वाण

बारामतीच्या विजयसिंह तात्यांना आपल्या जावयाचा हेवा वाटत होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, आडपडदा ठेवून काय मिळवायचंय? आणि साधासुधा हेवा नव्हे. जेवताना घासाबरोबर वर यायचा, दाढी करताना आरशात दिसायचा. माणूस तरी कोण, तर एमआयडीसीत प्लायवूडचा कारखाना, गावात वडिलार्जित लाकडाची वखार, दोन आरागिरण्या. चार तालुक्यांत घर बांधायचं म्हटलं की चौकटीसाठी आधी ज्याचं दार वाजवायचं तो हा माणूस. त्यानं धरणाच्या फुगवट्याकाठच्या एका ऊसवाल्या पोरावर जळावं म्हणजे कमालच झाली की नाही?

पण जळत होते. त्याचं मूळ लाकडात नव्हतं, पाण्यात होतं.

तीस वर्षांपूर्वी तात्या लाकूड घ्यायला मुंबईच्या बंदरावर गेले होते. सौदा पटल्यावर तिथल्या एका पारशी व्यापाऱ्यानं त्यांना हौसेनं आपल्या शिडाच्या होडीत बसवलं आणि दोन तास फिरवून आणलं. इंजिन नाही, वल्हं नाही, नुसत्या वाऱ्यावर होडी पळते हे बघून तात्यांना खूळच लागलं. परत आले ते लाकडाच्या ट्रकवर एक जुनी होडी बांधूनच. ट्रक गावात शिरला तसे चहाच्या टपरीवरचे लोक उठून उभे राहिले. "तात्या, कऱ्हेत चालवणार व्हय? गुडघाभर तरी पाणी हाय का तितं?" असं म्हणून अख्खी टपरी हसली. तात्यांनी ट्रक थांबवलाही नाही, तसाच पुढं इंदापूर तालुक्यात नेला आणि पळसदेवच्या बाजूला, उजनी धरणाच्या फुगवट्यावर होडी पाण्यात ढकलली.

पहिली दोन वर्षं ते होडीत कमी आणि पाण्यात जास्त होते. मग जमलं. मुंबईला शर्यती मारल्या, हैदराबादला मारल्या, एकदा राष्ट्रीय स्पर्धेत सहावे आले. पुढं त्यांनीच फुगवट्यावर दर पंधरा ऑगस्टची शर्यत सुरू केली. पुण्या-मुंबईच्या होड्या येऊ लागल्या, काठावर भजी-चहाच्या गाड्या लागू लागल्या, आणि चषक बहुतेक वर्षी तात्यांच्याच काचेच्या कपाटात जाऊ लागला.

ह्या होडीत माणसं दोन लागतात. मागचा सुकाणूचा दांडा धरून दिशा सांभाळतो. पुढच्याचं काम अवघड. वारा अंगावर आला की होडी कलंडू नये म्हणून त्यानं कडेबाहेर पाठ टाकून लटकायचं आणि पुढच्या झोताची वर्दी द्यायची. तात्यांच्या पुढं अकरा वर्षं त्यांची लेक बसली. रेश्मा. घरात छकुली. शाळेत असल्यापासून बसायची. लांब पाण्यावर बारीक सुरकुती दिसली की ती म्हणायची, "तात्या, आला." बस, एवढंच. तात्या दांडा वळवायचे, ती कडेबाहेर झोकून द्यायची. बापलेकीत पाण्यावर दुसरं बोलणं नसायचं आणि लागायचंही नाही.

मग तिचं लग्न झालं.

जावई ऋषिराज. काठावरचाच. त्यांचा ऊस पार पाण्याला टेकलेला, वरच्या अंगाला डाळिंब. पोरगा दिसायला बरा, वागायला त्याहून बरा, आणि तात्यांना हेच खटकायचं. चीड यावी असं त्यानं काहीतरी करावं की नाही? दर खेपेला डाळिंबाची पेटी काय आणायचा, सासूच्या पाया काय पडायचा, वखारीत आला तर कामगारांबरोबर बसून चहा काय प्यायचा. मुक्ताबाई, म्हणजे तात्यांच्या घरच्या, त्याचं नाव काढलं की गालात हसायच्या. "पोरगं सोन्यासारखं हाय," असं त्या म्हणायच्या. तात्या म्हणायचे, "व्हय व्हय," आणि पेपर तोंडासमोर धरायचे.

त्यानं बायकोकडून होडी शिकून घेतली. पहिल्या वर्षी बुडाला, तेव्हा तात्यांनी काठावरून मनापासून शिकवलं. दुसऱ्या वर्षी त्याच पोरानं पंधरा ऑगस्टला तात्यांना मागं टाकलं. कसं, तर वारा पाण्यावर उतरायच्या आधी काठचा ऊस हलतो. बाकीचे पाणी बघत बसले, आणि हा ऊस बघत होता. कोणत्या वाफ्याचं पातं आधी लवलं त्यावरून झोत कुठून येणार हे त्याला कळायचं. जन्म गेला होता त्याचा त्या उसात! दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, वर मथळा: जावयाचा सासऱ्याला धक्का. वखारीत येणारा प्रत्येक जण तो पेपर घेऊनच येत होता, मेले!

चषक गेला त्याचं तात्यांना दुःख होतं, पण तेवढ्यानं माणूस असा करपत नाही. खरं झालं होतं वेगळंच. शेवटच्या फेरीत दोन्ही होड्या अगदी जवळून गेल्या, तेव्हा तात्यांच्या कानावर ओळखीचा आवाज आला.

"अहो, आला."

तात्यांचा हात सवयीनं वळला. त्यांच्या होडीत आता पुढं दीपक होता, कारखान्याचा फोरमन, पंचेचाळिशीचा, वजनदार आणि पाण्याला भिणारा. तो डोळे मिटून कठड्याला धरून बसला होता. वारा आला आणि त्याला पत्ताही नव्हता. वर्दी दुसऱ्याच्या होडीत दिली गेली होती. त्या एका शब्दानं तात्यांच्या काळजात जे रुतलं ते वर्षभर निघालं नाही.

ह्या वर्षी धोंड्याचा महिना आला. अधिक महिना म्हणजे जावयाचा महिना. त्याला घरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं आणि वर एखादी वस्तू. मुक्ताबाईंनी आठ दिवस आधीपासून स्वयंपाकघर डोक्यावर घेतलं. त्यांनी फोनवर जावयाला विचारलं, "अंगठी करू का साखळी?"

ऋषिराज म्हणाला, "मामी, सोनं नको. मामांना म्हणावं, तुमच्या हातचा सुकाणूचा दांडा द्या. सागवानाचा. तुमच्या होडीला हाय तसाच."

मुक्ताबाईंना केवढं कौतुक! तात्यांना मात्र चटका बसला. लेक नेली, चषक नेला, आता दांडा मागतोय. हाताची बोटं तेवढी ठेव म्हणावं.

पण नाही कसं म्हणणार? रविवारी वखार बंद असताना तात्या एकटेच आत गेले. त्यांच्या होडीचा दांडा ज्या जुन्या सागाच्या ओंडक्यातून निघाला होता, त्याचेच आणखी दोन तुकडे माळ्यावर जपून ठेवले होते. तात्यांनी ते खाली काढले, पुसले आणि बोटाच्या पेरानं ठोकून बघितले. वखारीची ही रीतच. दारात वडिलांच्या काळची पाटी होती: लाकूड ठोकून घ्यावे, मागून तक्रार चालणार नाही. तात्यांनी स्वतःच्या हयातीत गिऱ्हाइकानं ठोकल्याशिवाय फळी विकली नव्हती. पहिला तुकडा ठण्ण वाजला. दुसरा बद्द वाजला. वरून देखणा, रेषा अशी की बघत राहावं, पण पोटात चीर होती.

तात्यांनी पहिला तुकडा उचलला आणि रंध्याखाली धरला. मग तो पेपरातला फोटो आठवला. मग तो आवाज आठवला. त्यांनी पहिला तुकडा परत माळ्यावर ठेवला.

त्या दिवशी त्यांनी त्या बद्द लाकडावर जेवढी मेहनत घेतली तेवढी कधी कुठल्या चांगल्या लाकडावर घेतली नसेल. घासला, गोल केला, तीन हात पॉलिश मारलं. मनात सारखं चाललं होतं, मोडला तर काय हुईल? शर्यतीतनं बाद हुतील, दुसरं काय! पाण्यात पडतील. अंगात लाइफजॅकेट असतंय. छकुली माझ्याबरोबर शंभर वेळा पडलीय. असं ते स्वतःला सांगत होते आणि दांडा आरशासारखा चकाकत होता.

जेवण झोकात झालं. जावयानं सात धोंडे हाणले, वर तुपाची वाटी. औक्षण झालं, अनारसे दिले, आणि तात्यांनी शेल्यात गुंडाळलेला दांडा पुढं केला. ऋषिराजनं तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. ठोकून काही बघितला नाही. सासऱ्यानं पाटावर बसवून दिलेली वस्तू कोण ठोकून बघतंय? तो तर तोंडावर अविश्वास झाला. तात्यांनी हे आधीच धरलेलं होतं, खोटं कशाला बोला. रेश्मानं नवऱ्याच्या हातातून दांडा घेतला, "ठिवते नीट," म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतर दोन महिने तात्यांना अन्न गोड लागलं नाही. राग जावयाचाच यायचा, पण आता त्या रागाला जागा सापडत नव्हती. लेकीचा फोन आला की ते इकडचं तिकडचं विचारायचे आणि शेवटी हळूच म्हणायचे, "दांडा कसा हाय?"

"हाय की," ती म्हणायची. "तात्या, अजून काय सांगायचंय का?"

"न्हाय. काय सांगायचंय?"

"काय न्हाय. इचारलं आपलं."

असं दोनदा झालं.

पंधरा ऑगस्टला धरण भरत आलं होतं आणि पश्चिमेचा वारा असा सुटला होता की काठावरच्या गाडीवाल्याचं ताडपत्रीचं छप्पर दोनदा उडालं. चौदा होड्या होत्या. निघायच्या आधी तात्या लेकीच्या होडीजवळून मुद्दाम फिरून आले. दांड्याला मुठीपासून खालपर्यंत निळी दोरी गच्च गुंडाळली होती, घामानं हात घसरू नये म्हणून गुंडाळतात तशी. रेश्मा शिडाच्या दोऱ्या आवळत होती. तिनं मान वर करून बापाकडं बघितलं.

"वारं लई हाय, तात्या."

"हाय खरं," तात्या म्हणाले आणि पुढं गेले.

बोलायचं होतं तर तेव्हाच बोलायचं, नाही का? पण माणसाची जीभ अशी वेळेला टाळूला चिकटते.

शर्यत दोन फेऱ्यांची. पाण्यावर खुणेचे तीन पिवळे फुगे, त्यांना वळसा घालून यायचं. पहिल्या फेरीत पुण्याची एक होडी पुढं, तात्या दुसरे, जावई चौथा. दुसऱ्या फेरीत वारा आणखी चढला. ऋषिराजनं उसाच्या अंगाला होडी घातली, तिथून झोत पकडला आणि बघता बघता सगळ्यांच्या पुढं निघाला. तात्या त्याच्या मागोमाग दुसरे. अंतर तीन-चार होड्यांचं.

आता तात्यांना सगळं स्वच्छ दिसत होतं. रेश्मा कडेबाहेर पार आडवी झाली होती, वेणी पाण्याला टेकत होती. ऋषिराज दोन्ही हातांनी दांडा छातीशी ओढून धरत होता. सगळा वारा त्या दांड्यावर आला होता. लाकडाचं तात्यांना काय सांगायचं? चीर कुठून सुरू होईल, कशी धावेल, कुठं फुटेल, सगळं त्यांना पाठ होतं. दांडा गेला की होडी गरकन फिरणार. होडी फिरली की शिडाखालची आडवी काठी ह्या कडेवरून त्या कडेला सपकन जाणार. तात्यांच्या कपाळावर त्याच काठीनं दिलेले पाच टाके होते. आणि नेमकं तेव्हा आत यायला धडपडणारी छकुली, तिचं डोकं...

शेवटचा फुगा समोर आला. वळताना रेश्मानं एकदा मागं बघितलं, थेट बापाच्या तोंडाकडं. तात्या गप्प राहिले. का? अजून मोडला नव्हता म्हणून. आणि मोडला तर पहिला नंबर त्यांचाच होता म्हणून. हे दोन्ही विचार त्यांच्या मनात आले, एकापाठोपाठ एक, आणि दुसरा आला तेव्हा त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

तेवढ्यात मागच्या बाजूला पाणी काळवंडलं. मोठा झोत येत होता, आजवरचा सगळ्यात मोठा. जावयाला दिसला नाही, दीपकला तर दिसायचा प्रश्नच नव्हता.

"छकुले!" तात्या ओरडले. हातातला दांडा सोडून ते होडीत ताडकन उभे राहिले. "छकुले, आत ये! शीड सोड! दांडा कच्चा हाय! दांडा कच्चा हाय गं!"

शिडाच्या होडीत उभं राहायचं नसतं, हे तात्यांनी तीस वर्षं सगळ्यांना शिकवलं होतं. झोत आला आणि तात्यांची होडी आडवी झाली. तात्या एका बाजूला, दीपक दुसऱ्या बाजूला. दीपक लाइफजॅकेटमध्ये तरंगत होता तरी "मेलो, मेलो" म्हणून बोंबलत होता. मदतीची मोटारबोट लांब दुसऱ्या टोकाला होती.

वाऱ्यात शब्द कुणाला ऐकू जाणार? ऋषिराजला नुसता आरडाओरडा ऐकू आला. त्यानं वळून बघितलं तर सासरे पाण्यात. त्यानं एक क्षणही घेतला नाही. समोर शेवटची रेघ दिसत होती, तिच्याकडं पाठ करून त्यानं होडी फिरवली. जवळ आल्यावर दांडा बायकोच्या हातात दिला आणि उडी मारली. पुण्याची होडी बाजूनं पुढं गेली आणि जिंकली. काठावर टाळ्या वाजल्या तेव्हा ऋषिराज दीपकची मान पाण्यावर धरून त्याची समजूत काढत होता.

काठावर आल्यावर चौघं उसाच्या बांधावर बसले. दीपकला चहा पाजला, तो सावरून गाडीकडं गेला. ऋषिराज केस पिळत म्हणाला, "मामा, झालं काय? उभं कशाला राहिलात? काय वरडत हुता?"

रेश्मा तात्यांच्या समोर बसली होती.

"सांगा, तात्या," ती म्हणाली.

तात्यांनी खाली मातीकडं बघत सांगितलं. "जावईबापू, मी तुमाला कच्चा दांडा दिला. पोटात चीर हाय त्याच्या. म्हाईत असून दिला."

"कुठला? वाणाचा?" ऋषिराज गोंधळला. "त्यो तर हिनं देवाऱ्यापाशी ठिवलाय. मला हातबी लावू दिला न्हाय. म्हणली, तात्यांनी दिल्याला हाय, वापरायचा न्हाय."

तात्यांनी मान वर केली.

"होडीला हाय त्यो बाभळीचा," रेश्मा म्हणाली. "आमच्या मामंजींच्या जुन्या बैलगाडीचं जू हुतं, त्यातनं करून घेतला. दोरी गुंडाळली, तुमाला वळखू येऊ नये म्हणून."

"तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. आत नेला आन ठोकून बघितला. वखारीतली लेक हाय मी."

"मग बोलली का न्हाईस?"

"वाट बघितली तुमची! दोन म्हैनं बघितली. फोनवर दोनदा इचारलं. आन मघाशी फुग्यापाशी मागं बघितलं तवाबी तुमी गप. मला वाटलं संपलं. माझा बाप संपला." आणि एवढा वेळ कोरडी असलेली ती पोर ओंजळीत तोंड लपवून रडायला लागली.

ऋषिराज उठून उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "माझं सोडा, मामा. ही हुती की होडीत! तुमची सोत्ताची पोरगी! का? असं काय केलं हुतं मी?"

"ती तुमाला 'आला' म्हणती," तात्या म्हणाले. "वारा आला की. आधी मला म्हणायची." म्हातारा माणूस, लाज सोडून बोलत होता. "हेवा वाटला मला तुमचा. लई वाटला. अजून वाटतोय. तुमी आज वळून आलात, इचारबी केला न्हाय. मला दोन म्हैनं लागलं."

ऋषिराज बांधावर परत बसला, जरा लांब.

"आन मला काय वाटत असंल?" तो म्हणाला. "त्या होडीत आमी दोघं कधी नसतोच, मामा. तिसरं तुमी बसल्यालं असता. हिचं आपलं चालूच: तात्या हितं शीड सैल सोडत्यात, तात्या हितं थांबत्यात, तात्या असतं तर असं केलं असतं. मी मनात म्हणायचो, कधी सुटणार ह्या माणसाच्या तावडीतनं? म्हणून तर दांडा मागितला. म्हटलं, तुमचा दांडा माझ्या हातात आला तर ही एकदा तरी तुमचं नाव न घेता म्हणंल, तुमी असं करा. तर हिनं त्योबी नेऊन देवापाशी ठिवला."

रेश्मा रडता रडता नवऱ्याकडं बघायला लागली. हे तिला नवीनच होतं.

ती उठली आणि वस्तीवर जाऊन शेल्यात गुंडाळलेला दांडा घेऊन आली. दोघांच्या मधे बांधावर ठेवला. ऋषिराजनं शेला सोडला, दांडा उचलला, आणि तात्यांच्या तोंडाकडं बघत बोटाच्या पेरानं ठोकला. बद्द. परत एकदा ठोकला. तात्यांनी नजर खाली घातली नाही, तेवढं मात्र केलं.

"ह्यो घेऊन जावा," ऋषिराजनं दांडा सासऱ्याच्या मांडीवर ठेवला. "दुसरा द्या. आन ह्या टायमाला मी तुमच्या वखारीत येऊन, तुमच्या समोर ठोकून घेणार."